दहा गिगाबिटच्या राउटरसाठी पॅकेट वर्गीकरण : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२४

साध्या सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर राउटरसाठी पॅकेट वर्गीकरणाचा भाग लिहिण्याचे काम आजपासून हाती घेतले. आलेल्या प्रत्येक पॅकेटच्या हेडरमधील पाच फील्ड वाचायची, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक आणि प्रोटोकॉल, आणि जो नियम या पाचही फील्डना लागू पडतो त्याप्रमाणे पॅकेट पुढे सोडायचे, अडवायचे किंवा वेगळ्या रांगेत घालायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. आयपीव्ही४ मध्ये ही पाच फील्ड मिळून १०४ बिट होतात. एकाच पॅकेटला अनेक नियम लागू पडू शकतात आणि तेव्हा यादीत सर्वांत वर असलेला नियम चालतो. मार्ग शोधताना सर्वांत लांब प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा जुळणारा सुरुवातीचा भाग, जिंकतो, येथे मात्र प्राधान्य नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाने ठरवलेले असते. या एका फरकामुळे ओळखीच्या बऱ्याच युक्त्या जशाच्या तशा वापरता येत नाहीत.

वेळेचा हिशेब पहिल्याच दिवशी कागदावर मांडला. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते. तिच्याआधीचे ८ बाइट आणि नंतरची १२ बाइटइतकी मोकळी जागा धरली, तर एका पॅकेटमागे तारेवर ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट जातात. दहा गिगाबिटच्या जोडणीवर अशी पॅकेट एकापाठोपाठ आली तर दोन पॅकेटांमध्ये ६७.२ नॅनोसेकंद मिळतात आणि सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट येतात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर ही जेमतेम दोनशे चक्रे झाली. कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या लहान व वेगवान मेमरीत, नसलेली गोष्ट मुख्य मेमरीतून एकदा आणायलाच ८० ते १०० नॅनोसेकंद लागू शकतात. त्यामुळे आपली खरी लढाई गणिताच्या पायऱ्यांशी कमी आणि मेमरीच्या फेऱ्यांशी जास्त आहे, हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे.

११ जानेवारी

सर्वांत साधी पद्धत आधी लिहिली: यादी वरून खाली तपासत जायचे आणि पहिला लागू पडणारा नियम परत द्यायचा. लिनक्समधील आयपीटेबल्स मूलतः याच पद्धतीने साखळीतले नियम तपासते. प्रत्येक फील्डची खालची व वरची मर्यादा साठवली, तर एका नियमाला २६ बाइट लागतात. क्रमांक व क्रिया धरून आम्ही ते ३२ केले, म्हणजे ६४ बाइटच्या एका कॅशलाइनमध्ये बरोबर दोन नियम बसतात. दहा हजार नियमांचे ३,२०,००० बाइट होतात आणि ते ३२ किलोबाइटच्या पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये मावत नाहीत. वेगासाठी ही पद्धत उपयोगाची नाही, पण बाकी सर्व पद्धतींची उत्तरे हिच्याशी ताडून पाहायची असल्याने तिच्यावर घाई केली नाही.

चाचणीसाठी क्लासबेंचने तयार केलेले नियमसंच घेतले. डेव्हिड टेलर आणि जोनाथन टर्नर यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात, सेंट लुईस येथे, हे साधन तयार केले. खऱ्या नियमसंचांमधून काढलेल्या बारा नमुन्यांवरून ते हवे तेवढे मोठे संच बनवते. नमुने तीन जातींचे आहेत: प्रवेशयाद्या, फायरवॉल आणि आयपी चेन. प्रत्येक जातीतला एकेक नमुना घेऊन एक हजाराचे आणि दहा हजारांचे संच काढले.

१६ जानेवारी

आजचा दिवस एका ओळीने खाल्ला, आणि ती ओळ येथे नीट लिहून ठेवणे आवश्यक आहे.

क्लासबेंचची चाचणीपॅकेट नियमांवरूनच तयार होतात, त्यामुळे प्रत्येक पॅकेटला किमान एक नियम लागू पडलाच पाहिजे. आमच्या यादीशोधाने मात्र शेकडो पॅकेटांना ‘एकही नियम नाही’ असे उत्तर दिले. त्यातली वीस पॅकेट हाताने तपासली, तेव्हा ज्यांना ज्यांना केवळ शेवटच्या सर्वसमावेशक नियमांचा आधार होता, तीच नेमकी गळत होती. म्हणजे ज्या नियमांत पत्त्याच्या जागी ०.०.०.०/०, म्हणजे ‘कोणताही पत्ता’, असे असते, ते नियम कधीच लागू पडत नव्हते.

दोष मास्क, म्हणजे पत्त्याचे कोणते बिट तपासायचे ते सांगणारा आकडा, बनवणाऱ्या ओळीत सापडला. प्रीफिक्सच्या लांबीवरून मास्क काढताना सर्व ३२ बिट एक असलेला आकडा आम्ही ‘३२ वजा लांबी’ इतक्या घरांनी डावीकडे सरकवत होतो. लांबी शून्य असली की ३२ घरांनी सरकवावे लागते, आणि ३२ बिटांच्या आकड्याला ३२ घरांनी सरकवले तर काय व्हावे हे सी भाषेने ठरवून दिलेलेच नाही. आमच्या प्रोसेसरवरील सूचना सरकवण्याच्या आकड्यातले शेवटचे पाचच बिट पाहते. त्या हिशेबाने ३२ म्हणजे शून्य. त्यामुळे आकडा जागचा हलत नव्हता, मास्क सगळा एकचाच राहत होता, आणि ‘कोणताही पत्ता’ असे सांगणाऱ्या नियमाचा अर्थ ‘फक्त ०.०.०.० हा पत्ता’ असा होत होता. आता गणित ६४ बिटांत करून खालचे ३२ बिट घेतले आहेत आणि शून्य लांबीसाठी वेगळी चाचणी लिहिली आहे.

मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. मास्कचे हेच फंक्शन पुढच्या सर्व पद्धतीही वापरणार होत्या. मग यादीशोध आणि नवी पद्धत दोघेही सारखेच चुकले असते आणि ताळा बरोबर आला असता. ताळ्यासाठीचा यादीशोध म्हणून आजपासून स्वतंत्र फाइलमध्ये ठेवला आहे. तो नियमांची फाइल स्वतःच वाचतो आणि बाकी कोडमधले एकही फंक्शन उसने घेत नाही.

१७ जानेवारी

पोर्ट क्रमांकांच्या बाइटचा क्रम उलटा वाचला जात होता. ४४३ चे ४७,८७३ झालेले दिसताच कारण लक्षात आले, कारण बाइट उलटले की हाच आकडा येतो. अर्ध्या तासात दुरुस्त झाले.

२३ जानेवारी

वाचनाचा आठवडा. पाच फील्डचा नियम म्हणजे पाच मितींमधला एक चौकोनी ठोकळा आणि पॅकेट म्हणजे एक बिंदू, असे मांडले की प्रश्न भूमितीचा होतो: बिंदू कोणत्या ठोकळ्यात आहे? एकमेकांवर न येणाऱ्या ठोकळ्यांसाठीसुद्धा संगणकीय भूमितीतील ज्ञात मर्यादा कठोर आहेत. एन नियम आणि डी मिती असतील, तर एक तर लॉग एनच्या पटीत वेळ आणि एनच्या डी घाताइतकी मेमरी, किंवा एनच्या पटीत मेमरी आणि लॉग एनच्या ‘डी वजा एक’ घाताइतका वेळ. एक हजार नियम आणि पाच मितींना पहिल्या वाटेने जायचे, तर मेमरीचा आकडा एकावर पंधरा शून्ये इतका होतो.

तरीही व्यवहारात मार्ग निघतो, याचे कारण पंकज गुप्ता आणि निक मॅकोन यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. त्यांनी १०१ इंटरनेट सेवादाते व संस्थांच्या नेटवर्कमधील ७९३ नियमसंच, एकूण ४१,५०५ नियम, तपासले. सरासरी संच पन्नास नियमांचा होता, आणि कागदावर शक्य असलेल्या गुंतागुंतीच्या तुलनेत प्रत्यक्षातली गुंतागुंत फारच थोडी होती. माणूस नियम लिहितो तेव्हा तीच ती पत्त्यांची टोळकी आणि तेच ते पोर्ट पुन्हा पुन्हा येतात. या क्षेत्रातल्या बहुतेक पद्धती या सवयीवरच उभ्या आहेत, आणि म्हणून नियमसंचाचा स्वभाव बदलला की पद्धतही कोलमडू शकते. पुढच्या प्रत्येक पद्धतीला ‘तू कोणत्या सवयीवर विसंबून आहेस’ हा प्रश्न आधी विचारायचा, असे सरांशी बोलून ठरवले.

३० जानेवारी

बिट व्हेक्टरची पद्धत लिहून झाली. ती लक्ष्मण आणि स्टिलियाडिस यांनी १९९८ मध्ये मांडली. प्रत्येक फील्डच्या अक्षावर सर्व नियमांच्या मर्यादा उमटवल्या की अक्षाचे जास्तीत जास्त ‘दोन एन अधिक एक’ तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यासाठी एन बिटांची एक पट्टी ठेवायची: जो नियम त्या तुकड्याला लागू आहे त्याचा बिट एक. पॅकेट आले की पाच फील्डमध्ये पाच तुकडे शोधायचे, पाच पट्ट्यांचा ‘आणि’ घ्यायचा (पाचही पट्ट्यांत एक असेल तेथेच एक), आणि डावीकडून पहिला एक सापडला की तोच आपला नियम. प्राधान्याचा प्रश्न येथे आपोआप सुटतो, आणि ही पद्धत विद्यार्थ्यांना शिकवायला सर्वांत सुंदर आहे असे मला वाटते.

मेमरीचा हिशेब मात्र सुंदर नाही. दहा हजार नियमांसाठी एका फील्डचे २०,००१ तुकडे आणि प्रत्येकाची दहा हजार बिटांची पट्टी, म्हणजे वाईटात वाईट स्थितीत सुमारे २५ मेगाबाइट. पोर्टच्या फील्डमध्ये वेगळ्या किमती थोड्याच असल्याने तेथे आकडा पुष्कळ खाली येतो, पण पत्त्यांच्या फील्डमध्ये तो भरवसा धरता येत नाही. शिवाय एका पट्टीचे ६४ बिटांचे १५७ शब्द होतात आणि ते पाच पट्ट्यांमधून आणावे लागतात. फ्लोरिन बाबोएस्कू आणि जॉर्ज वर्गीस यांनी २००१ मध्ये यावर उपाय सुचवला. एका पॅकेटला लागू पडणारे नियम मोजकेच असतात, त्यामुळे पट्टीतले बहुतेक शब्द शून्यच निघतात. म्हणून शब्दात एखादा तरी एक आहे का, एवढेच सांगणारी लहान सारांशपट्टी आधी पाहायची. वर्गीस यांचे अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण मुंबईच्या आयआयटीत झाले, आणि या विषयातले जे जे वाचावे त्यात त्यांचे नाव भेटतेच.

सारांशपट्टी लावल्यावर एक हजाराचे तिन्ही संच वेळेत बसले. पण एक नियम मध्ये घातला की त्याखालच्या सर्व नियमांचे बिट सर्व पट्ट्यांमध्ये एकेक घर सरकवावे लागतात. ही नोंद पुढे उपयोगी पडेल.

६ फेब्रुवारी

गुप्ता आणि मॅकोन यांचे ‘रिकर्सिव्ह फ्लो क्लासिफिकेशन’ कागदावरच तपासले. हेडरचे १६ बिटांचे सहा तुकडे आणि प्रोटोकॉलचा ८ बिटांचा एक तुकडा घेतला, तर पहिल्याच टप्प्यात ३,९३,४७२ नोंदी लागतात. नोंदीला दोन बाइट धरले तर सुमारे ७७० किलोबाइट. शोध अतिशय वेगवान, पण नियम बदलला की पुढच्या टप्प्यांची कोष्टके नव्याने बांधावी लागतात. आमच्याकडे नियम दिवसातून अनेकदा बदलणार असल्यामुळे ही पद्धत बाजूला ठेवली.

१४ फेब्रुवारी

गेला आठवडाभर हायकट्स ही निर्णयवृक्षाची पद्धत लिहीत होते. तिची कल्पना अशी: संपूर्ण अवकाश एका फील्डवर समान तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्यात येणारे नियम त्या तुकड्याच्या नोडला द्यायचे, आणि नोडमधले नियम ठरलेल्या संख्येपर्यंत, आमच्याकडे आठपर्यंत, खाली येईतो कापत जायचे. पॅकेट मुळापासून पानापर्यंत उतरते आणि पानात उरलेले मोजके नियम एकेक करून तपासले जातात.

प्रवेशयाद्यांच्या संचावर झाड सुबक बांधले गेले. फायरवॉलच्या दहा हजारांच्या संचावर मात्र झाड बांधता बांधता यंत्राची मेमरी संपली आणि प्रोग्राम बंद पडला. रात्री प्रयोगशाळेत एकटीच बसून प्रत्येक पातळीवर किती नियमांच्या प्रती होतात ते छापून पाहिले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. दोन्ही पत्ते ‘कोणताही’ असलेला एक नियम घ्या. घेणाऱ्याच्या पत्त्यावर सोळा काप दिले की तो सोळाही तुकड्यांत जातो. पुढच्या पातळीवर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर सोळा काप दिले की त्याच्या २५६ प्रती होतात, तिसऱ्या पातळीवर ४,०९६ आणि चौथ्या पातळीवर ६५,५३६. असे दोनशे नियम असतील तर चौथ्या पातळीवर १,३१,०७,२०० संदर्भ साठवावे लागतात. प्रत्येकी चार बाइट धरले तरी पन्नास मेगाबाइटच्या वर. फायरवॉलच्या नियमांमध्ये असे रुंद नियम पुष्कळ असतात.

त्यातही खरा घात वेगळाच होता. हे दोनशे नियम एकमेकांपासून वेगळे आहेत ते फक्त पोर्टमध्ये. पत्त्यावर कितीही काप दिले तरी प्रत्येक तुकड्यात ते दोनशेच्या दोनशे राहतात, आठवर कधीच येत नाहीत. कोणत्या फील्डवर कापायचे हे आमचा कोड ‘ज्या फील्डमध्ये वेगळ्या किमती जास्त ते’ या निकषाने ठरवत होता. वरच्या नोडमध्ये अरुंद नियमांमुळे पत्तेच दरवेळी जिंकत होते. काप दिल्यावर सर्वांत भरलेल्या तुकड्यातली नियमसंख्या कमी झाली की नाही, हे तपासणारी अटच आम्ही घातली नव्हती. ती आता घातली आहे. झाड बांधून पूर्ण होते, पण अजूनही फार जड आहे.

२१ फेब्रुवारी

या प्रश्नावर पर्ड्यू विद्यापीठात २०१० मध्ये एफिकट्स नावाचे काम झाले आहे. रुंद आणि अरुंद नियम एकाच झाडात ठेवल्यामुळे प्रती वाढतात, हे ओळखून त्यांनी नियम वेगवेगळ्या झाडांत वाटले, आणि हायकट्सचीच सुधारित पद्धत असलेल्या हायपरकट्सच्या तुलनेत तेवढ्याच वेगाला ५७ पट कमी मेमरी लागल्याचे दाखवले. आम्ही त्याचे सोपे रूप केले. आठपेक्षा कमी लांबीचा प्रीफिक्स रुंद धरला आणि चार गट पाडले: दोन्ही पत्ते अरुंद, फक्त पाठवणाऱ्याचा रुंद, फक्त घेणाऱ्याचा रुंद, दोन्ही रुंद. प्रत्येक गटाचे झाड केवळ त्या फील्डवर कापायचे, जेथे त्यातले नियम अरुंद आहेत; चौथ्या गटात पत्त्याला हातच लावायचा नाही, फक्त पोर्ट आणि प्रोटोकॉल.

फायरवॉलचा तोच संच आज बांधून झाला आणि मेमरीचा आलेख सपाट राहिला. सहकारी म्हणाला, “ताई, पुन्हा एकदा चालवून बघूया, इतकं सरळ कसं होईल?” दुसऱ्यांदा चालवले, ताळा पाहिला, एकही फरक नाही. बदल्यात प्रत्येक पॅकेटला चार झाडांतून उतरावे लागते. प्रत्येक झाडातला सर्वांत वरचा नियम कोणता हे मुळाशी लिहून ठेवल्याने, आधीच्या झाडात त्याहून वरचा नियम सापडला असेल तर पुढचे झाड वगळता येते.

२८ फेब्रुवारी

टपल स्पेस सर्च. श्रीनिवासन, सुरी आणि वर्गीस यांनी १९९९ मध्ये मांडलेली ही पद्धत ऐकायला साधी आहे: ज्या नियमांच्या दोन्ही प्रीफिक्सच्या लांब्या सारख्या, ते एका हॅश टेबलमध्ये. पाठवणाऱ्याचा १०.१.०.०/१६ आणि घेणाऱ्याचा १९२.१६८.५.०/२४ असा नियम (१६, २४) या टेबलात जातो. पॅकेटच्या पत्त्यांचे तेवढे बिट ठेवून हॅश काढायचा आणि टेबल पाहायचे. पत्त्यांच्या दोन फील्डसाठी १,०८९ जोड्या शक्य आहेत, पण प्रत्यक्ष संचांत त्यातला थोडा भागच वापरात असतो. पोर्ट आणि प्रोटोकॉल आम्ही टेबलातल्या नोंदीत तपासतो.

पहिल्या दिवशीच चूक केली. टेबले लांब प्रीफिक्सकडून लहानाकडे लावली आणि पहिले जुळणारे उत्तर परत दिले. ताळ्याने लगेच पकडले: (२४, २४) च्या टेबलातला बारावा नियम पॅकेट सोडत होता, आणि (८, ०) च्या टेबलातला तिसरा नियम तेच पॅकेट अडवणारा होता. मार्ग शोधण्याची सवय हातात इतकी मुरलेली होती, की ९ जानेवारीला स्वतःच लिहिलेला फरक विसरले. आता टेबले त्यांतल्या सर्वांत वरच्या नियमाच्या क्रमाने लावली आहेत. हातात असलेला नियम पुढच्या टेबलातल्या सर्वांत वरच्या नियमापेक्षाही वर असेल, तेव्हाच थांबायचे.

५ मार्च

हार्डवेअर राउटर हेच काम टीकॅम नावाच्या खास मेमरी चिपमध्ये करतात, जेथे सर्व नियम एकाच वेळी तपासले जातात. पण टीकॅमला ० , १ आणि ‘काहीही’ एवढेच कळते. पोर्टची व्याप्ती प्रीफिक्समध्ये फोडावी लागते. १०२४ ते ६५,५३५ या नेहमीच्या व्याप्तीचे सहा तुकडे होतात, दोन्ही पोर्टना ती असली तर ३६ नोंदी. १ ते ६५,५३४ या सर्वांत वाईट व्याप्तीचे तीस होतात, आणि दोन्हीकडे ती आली तर एका नियमाच्या ९०० नोंदी. आमच्या पद्धतीत मर्यादा आकड्यांतच साठवल्यामुळे हा खर्च नाही, एवढ्यापुरते सॉफ्टवेअर वरचढ आहे.

१२ मार्च

तुकडे झालेल्या आयपी पॅकेटांचा प्रश्न चाचणीत कधी आलाच नसता, कारण क्लासबेंच फक्त पाच आकडे देते. खऱ्या वाहतुकीची साठवलेली फाइल चालवली तेव्हा काही पॅकेटांचे पोर्ट निरर्थक दिसले. पहिल्या तुकड्यानंतरच्या तुकड्यांत टीसीपी किंवा यूडीपीचे हेडर नसते. पोर्टच्या जागी आपण मजकुराचे बाइट वाचत होतो. अशा पॅकेटांना आता पोर्टची अट असलेला कोणताही नियम लागू होत नाही, केवळ पत्ते व प्रोटोकॉल पाहिले जातात. हा निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने पुन्हा तपासावा लागेल, कारण पोर्टवरून अडवणारे नियम या तुकड्यांना लागत नाहीत.

१९ मार्च

नियम बदलण्याची चाचणी आजपर्यंत पुढे ढकलली होती. ती आधी करायला हवी होती. एकीकडे पॅकेट चालू, दुसरीकडे नियम घालणे आणि काढणे चालू. बिट व्हेक्टरला पट्ट्या सरकवाव्या लागल्या. झाडात नियम अधूनमधून घालता येतो, पण पाने फुगत गेली आणि काही वेळाने झाड नव्याने बांधण्याशिवाय गत्यंतर उरले नाही. टपल स्पेस सर्चमध्ये नियम घालणे म्हणजे एका हॅश टेबलात एक नोंद. ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचने शोधात तुलनेने हळू असलेली ही पद्धत का निवडली, ते आज हाताने करून पाहिल्यावर पटले.

तिची दुबळी बाजूही नोंदवते. टेबले जितकी अधिक तितका शोध हळू. ओपन व्हीस्विचच्या कॅशमध्ये मुद्दाम बेतलेली पॅकेट पाठवून टेबलांची संख्या फुगवता येते, हे २०१९ मधील संशोधनाने दाखवले आहे. आमची टेबले पॅकेटांवरून नव्हे, नियमांवरूनच बनतात, त्यामुळे बाहेरच्याला ती वाढवता येत नाहीत. तरीही नियम लिहिणारा वेगवेगळ्या लांब्या वापरत गेला तर ती वाढतीलच. यासाठी टपलमर्ज या टेबले एकत्र करणाऱ्या पद्धतीतली कल्पना घेतली: (२३, २४) आणि (२४, २४) यांचे नियम (२०, २४) च्या एकाच टेबलात ठेवायचे, आणि टेबलाने सोडलेले बिट नोंदीत तपासायचे. एका नोंदीखाली फार नियम साचू लागले तर ते टेबल पुन्हा फोडायचे.

२६ मार्च

मुख्य पद्धत म्हणून एकत्र केलेल्या टेबलांची टपल स्पेस सर्च ठरवली. दोन्ही पत्ते रुंद असलेला गट तिच्यात नीट बसत नाही, कारण ते सर्व नियम (०, ०) च्या टेबलात एकाच नोंदीखाली साचतात. त्यांच्यासाठी २१ फेब्रुवारीचे चौथे झाड ठेवले, जे फक्त पोर्ट आणि प्रोटोकॉलवर कापते आणि लहान असल्यामुळे नव्याने बांधायला जड जात नाही. नवे झाड बाजूला बांधायचे, पूर्ण झाल्यावर पॉइंटर एकदाच बदलायचा, आणि जुन्या झाडातून उतरणारी पॅकेट संपल्यावर ते सोडून द्यायचे, असे लिहिले आहे.

सहाही नियमसंचांवर ताळा चालवला, नियम बदलत असतानाही चालवला, आणि एकही फरक आला नाही. ताळ्याच्या वेळी पॉइंटर बदलण्याच्या नेमक्या क्षणी आलेल्या पॅकेटला जुन्या किंवा नव्या, दोहोंपैकी कोणत्याही संचाचे उत्तर ग्राह्य धरले आहे. तुकडे झालेल्या पॅकेटांच्या नियमाबद्दल उद्या सरांशी बसायचे आहे, आणि ते ठरल्यावरच हा भाग मुख्य राउटरच्या कोडमध्ये जाईल.